दुर्बिणीची बैठक : पुणे, जेऊर आणि विजयदुर्ग

आमच्या शाळेच्या विज्ञान मंडळाला एका माजी विद्यार्थ्याने चार वर्षांपूर्वी एक दुर्बीण भेट दिली. मी इतिहासाचा शिक्षक. परंतु मंडळ सांभाळणाऱ्या शिक्षिका प्रसूतिरजेवर गेल्या आणि त्यांच्या कपाटाची किल्ली माझ्या हाती आली. जानेवारीचे दिवस होते. दिंडोशीच्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर नववीची सहा मुले-मुली घेऊन मी उभा होतो. मृग नक्षत्रातील तलवारीच्या जागी जो अंधुक तेजोमेघ आहे, त्याचे छायाचित्र घ्यायचे असा मुलांचा हट्ट होता. कॅमेरा दुर्बिणीला जोडला, तीस सेकंद उघडा ठेवला आणि चित्र पाहिले. तारे नव्हतेच. ताटात सांडलेल्या शेवयांसारख्या रेघा होत्या. एक मुलगी म्हणाली, "सर, दुर्बीण खराब आहे का?"

दुर्बीण खराब नव्हती. तिच्याखालची तिपाई अपुरी होती. या उत्तरापर्यंत पोहोचायला मला वर्षभर लागले, आणि ते शोधता शोधता मी माझ्याच विषयात, म्हणजे इतिहासात, येऊन पडलो. त्याची ही हकीकत.

प्रथम थोडी पार्श्वभूमी सांगणे अवश्य आहे. पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून आकाश तासाला १५ अंश सरकताना दिसते. डोळ्याला ते जाणवत नाही, पण दुर्बीण जितक्या पटीने तारा मोठा करते, तितक्याच पटीने त्याची धावही मोठी करते. साध्या ५० मिलिमीटरच्या भिंगाने स्थिर कॅमेऱ्यातून दहाएक सेकंद चित्र घेतले तर तारे ठिपक्यासारखे येतात. २०० मिलिमीटरच्या भिंगाला अडीच सेकंदांचीच सवलत मिळते. दुर्बिणीतून तर एका सेकंदातही तारा लांबट होतो. चंद्राचे तसे नाही. तो इतका तेजस्वी आहे की सेकंदाच्या शंभराव्या हिश्शात काम भागते, म्हणून चंद्राचे चित्र कोणत्याही तिपाईवरून येते व नवशिक्याची फसगत होते. आमचीही झाली होती.

तेव्हा उपाय एकच. पृथ्वी ज्या अक्षाभोवती फिरते, त्याच्याशी समांतर असा एक अक्ष दुर्बिणीखाली बसवायचा आणि दुर्बीण त्याच्याभोवती उलट दिशेने, दिवसाला एक फेरी या वेगाने फिरवायची. हा दिवसही चोवीस तासांचा नव्हे. ताऱ्यांचा दिवस २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांचा असतो. अशा बैठकीला विषुववृत्तीय बैठक म्हणतात. वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरणाऱ्या साध्या बैठकीवर तारा पाहता येतो. पण जास्त वेळ चित्र घ्यायचे तर ती कामाची नाही, कारण मोटारीने दोन्हीकडे फिरवून तारा मध्यभागी धरून ठेवला तरी त्याच्याभोवतीचे आकाश हळूहळू गरगरते आणि कडेचे तारे वाकडे येतात.

ही कल्पना युरोपातच प्रथम निघाली असे आपण समजतो. जयपूर, दिल्ली किंवा उज्जैन येथील सम्राट यंत्र ज्यांनी पाहिले असेल, त्यांनी त्या तिरप्या भिंतीकडे पुन्हा एकदा बघावे. ती भिंत त्या त्या गावाच्या अक्षांशाइतकी तिरपी बांधलेली आहे. तिची कड पृथ्वीच्या अक्षाशी समांतर आहे. म्हणजे दगडचुन्याची विषुववृत्तीय बैठकच ती, फक्त तिच्यावर दुर्बीण नाही. सवाई जयसिंगाने आपल्या फारसी ग्रंथाला बादशहा मुहम्मदशहाच्या नावावरून 'झीज-ए-मुहम्मदशाही' असे नाव दिले. त्याच्या प्रस्तावनेत तो सांगतो की आधी समरकंदच्या पद्धतीप्रमाणे पितळेची यंत्रे करून पाहिली, पण ती लहान, त्यांचे अक्ष झिजतात, हलतात, मध्यबिंदू जागचा सरकतो, आणि म्हणून दगडाची अचल यंत्रे बांधली. आमच्या गच्चीवरची तक्रार नेमकी हीच होती. आमची तिपाई ॲल्युमिनियमची होती एवढाच फरक.

दगड हलत नाही हे खरे, पण तो ताऱ्यामागे धावतही नाही. धावणारी आणि तरीही न डगमगणारी बैठक जर्मन कारागीर फ्राउनहोफर याने १८२४ मध्ये डॉर्पाट (आजचे एस्टोनियातील तार्तू) येथील वेधशाळेसाठी केली. ध्रुवाकडे रोखलेला एक अक्ष, त्याला काटकोनात दुसरा, एका टोकाला दुर्बीण, दुसऱ्या टोकाला तिला तोलणारे वजन, आणि खाली सुटणाऱ्या वजनावर चालणारे घड्याळ. आज बाजारात मिळणारी छोटी 'जर्मन' बैठक म्हणजे तिचेच वंशज. त्या काळी छायाचित्रणाचा जन्मही झाला नव्हता. १८५० मध्ये अमेरिकेत हार्वर्डला अभिजित ताऱ्याचे पहिले छायाचित्र निघाले, त्याला १०० सेकंद लागले. १८८० मध्ये हेन्री ड्रेपरने मृगातल्या त्याच तेजोमेघाचे चित्र ५१ मिनिटे काच उघडी ठेवून घेतले. एक्कावन्न मिनिटे घड्याळाने चुकायचे नाही, वाऱ्याने हलायचे नाही! पुढे १८८३ मध्ये इंग्लंडात ए. ए. कॉमन या गृहस्थाने, जो व्यवसायाने आरोग्य-अभियंता व छंदाने खगोलवेत्ता होता, ३६ इंची आरशाने त्याहून सरस चित्र घेतले. त्याच्या दुर्बिणीचा अक्ष पाऱ्यात अर्धवट तरंगत असे, जेणेकरून वजन हलके होऊन घर्षण कमी व्हावे. हौशी माणसाने एवढे करावे याचे मला फार कौतुक वाटते.

कॉमनचे नाव मुद्दाम घेतले, कारण त्याच्या हातचा एक आरसा आपल्या पुण्यात येऊन पोहोचला होता.

कावसजी दादाभाई नायगमवाला हे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवीत. जन्म १८५७ चा. १८८२ मध्ये भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी पाच हजार रुपये देणगी दिली, सरकारने तितकीच भर घातली, आणि वर्णपट अभ्यासण्याची प्रयोगशाळा काढण्याचे ठरले. १८८४ मध्ये नायगमवाला इंग्लंडला गेले. तेथील खगोलवेत्त्यांनी, विशेषतः नॉर्मन लॉकियर यांनी, प्रयोगशाळेऐवजी वेधशाळाच काढा असा सल्ला दिला. मुंबईपेक्षा पुण्याचे आकाश बरे, म्हणून १८८५ मध्ये त्यांची बदली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये झाली आणि १८८८ मध्ये महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. तिच्यातील मुख्य दुर्बीण २० इंची होती. आरसा कॉमनचा, बांधणी व बैठक डब्लिनच्या ग्रब कारखान्याची. कित्येक दशके ती हिंदुस्थानातील सर्वांत मोठी दुर्बीण होती. पुढे शिवाजीनगरचे अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून ओळखले गेले ते हेच कॉलेज. रोज हजारो माणसे त्या रस्त्याने जातात.

या दुर्बिणीने नायगमवालांनी जे केले त्यातील एक गोष्ट मला शिक्षक म्हणून मोलाची वाटते. लॉकियर हे त्यांचे एक प्रकारे मार्गदर्शक. मृगाच्या तेजोमेघातून येणाऱ्या प्रकाशात एक ठळक हिरवी रेषा असते. ती मॅग्नेशियमच्या पट्ट्याचा उरलेला भाग आहे, म्हणजे एका बाजूने ती पसरट असली पाहिजे, असे लॉकियर यांचे मत होते व त्यावर त्यांच्या उल्कासिद्धांताचा काही भाग उभा होता. नायगमवालांनी पुण्याहून ती रेषा तपासली. त्यांना ती दोन्ही बाजूंनी धारदार दिसली, आणि १८९१ मध्ये त्यांनी तसे छापून सांगितले. ज्याच्या सल्ल्याने वेधशाळा उभी राहिली, त्याच्या मताविरुद्ध पुरावा मिळाला तर तो लपवायचा नाही. आमच्या शेवया ज्या तेजोमेघाच्या होत्या, तोच हा तेजोमेघ, हे कळल्यावर मुलांना फार गंमत वाटली.

१९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद करण्यात आली. एका माणसाच्या जिवावर चालणाऱ्या संस्थेचे असेच होते. शिक्षणसंस्था चालविणाऱ्या मंडळींना हे मी काय सांगावे. सामान कोडाईकनालला गेले. तेथे ती वीस इंची दुर्बीण दीर्घकाळ जवळजवळ पडून राहिली, मग पुन्हा कामास लागली, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नव्या वेधशाळेसाठी जागा पाहण्याच्या कामी लडाखात लेहकडेही जाऊन आली. भावनगर दुर्बीण हेच तिचे नाव राहिले. पुण्याचे नाव त्यात नाही.

येथे बैठकीचा मुद्दा फार चांगला समजतो. पुण्याचा अक्षांश साडेअठरा अंश, कोडाईकनालचा सव्वादहा, लेहचा चौतीस. विषुववृत्तीय बैठकीचा ध्रुवीय अक्ष क्षितिजाशी नेमका तेवढाच कोन करतो. आरसा कोठेही न्या, तो तसाच चालेल. बैठक मात्र प्रत्येक गावी नव्याने तिरपी करावी लागते. एके ठिकाणाहून दुसरीकडे बदली झालेल्या माणसासारखेच हे, त्या गावचे पाणी मानवेपर्यंत काम सुरू होत नाही.

आता २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाकडे वळू. त्या दिवशी चंद्राची छाया कोकण किनाऱ्यावरून शिरून सोलापूरकडची बाजू व वऱ्हाड ओलांडून ईशान्येकडे गेली. काळ कठीण होता. १८९६ पासून मुंबईत प्लेग, त्यापाठोपाठ दुष्काळ, १८९७ च्या जूनमध्ये पुण्यात रँडचा वध. अशा वेळी जगभरचे खगोलवेत्ते पेटारे घेऊन महाराष्ट्रात उतरले होते. करमाळा तालुक्यातील जेऊर हे रेल्वेवरचे गाव सोयीचे. तेथे नायगमवालांचा तळ पडला, आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल हेही पत्नी एलिझाबेथसह तेथेच आले.

कॅम्पबेल यांच्याजवळ चाळीस फुटी कॅमेरा होता. भिंग पाच इंचांचे, पण त्याची प्रतिमा चाळीस फुटांवर पडायची. त्यामुळे काचेवर सूर्य सुमारे साडेचार इंचांचा येई. एवढी लांब नळी कोणत्या बैठकीवर ठेवायची आणि कशी फिरवायची? त्यांनी ती फिरवलीच नाही. खग्रास स्थितीच्या वेळी सूर्य जेथे असेल तेथे नळी कायमची रोखून ठेवली. जानेवारीतील दुपारचा सूर्य जेऊरहून पन्नास अंशांच्या आसपास उंचीवर, म्हणजे भिंग काचेपेक्षा तीस फुटांच्या आसपास उंच आले. आणि खाली, ज्या काचेवर चित्र उमटायचे ती काचच घड्याळाच्या यंत्राने प्रतिमेबरोबर सरकवली. सूर्य आपल्या व्यासाइतके अंतर दोन मिनिटांत कापतो, आणि जेऊरला खग्रास स्थिती सुमारे दोनच मिनिटे टिकणार होती. तेव्हा काचेला सरकायचे ते अवघे चार इंच. म्हणजे अवजड भाग अचल आणि हलका भाग चल. ही युक्ती वाचली त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही.

विजयदुर्गावर लॉकियर यांनी निराळा मार्ग घेतला. त्यांच्या प्रिझमच्या कॅमेऱ्यांसाठी त्यांनी फिरता आरसा वापरला. नळी जमिनीला समांतर ठेवायची, आणि घड्याळाने फिरणारा सपाट आरसा सूर्यप्रकाश तिच्यात टाकत राहील. 'मेलपोमेनी' या युद्धनौकेवरचे खलाशी त्यांच्या मदतीला होते आणि कवायतीसारखी त्यांची रोज तालीम चाले. किल्ल्यावर आज 'साहेबाचे कट्टे' म्हणून दाखवतात ते चौथरे त्या वेळच्या यंत्रांच्या बैठकींची आठवण आहेत.

वऱ्हाडात तळणी येथे श्रीमती ॲनी माँडर होत्या. त्यांच्या कॅमेऱ्याचे भिंग केवळ दीड इंचाचे. पण सूर्याच्या प्रभामंडलातून निघालेला लांबच लांब किरण त्यांच्याच काचेवर उमटला, तसा तोवर कोणाच्या चित्रात आला नव्हता. लहान भिंगाला बैठकीचे दोष फारसे बाधत नाहीत आणि पसरट, अंधुक गोष्टी ते चांगल्या टिपते. ज्या शाळेच्या तिजोरीत फारसे काही नाही, तिने हे उदाहरण ध्यानी ठेवावे.

येथे मला एक कबुली द्यायची आहे. विजयदुर्गावर १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात लॉकियरने हेलियमचा शोध लावला, असे मी सात वर्षे वर्गात सांगत आलो. सहलीच्या वेळी त्या कट्ट्यावर उभा राहूनही सांगितले. त्या तारखेला तेथे हेलियम दिनही साजरा होतो. आता तारखा जुळवून पाहा. १८६८ च्या ऑगस्टमध्ये लॉकियर इंग्लंडात होते. त्या ग्रहणाला फ्रेंच खगोलवेत्ता जान्सेन गुंटूरला होता, आणि आपल्या मराठी संस्थानांपैकी जमखंडीला लेफ्टनंट जॉन हर्शेल होता. लॉकियर यांनी सूर्याच्या ज्वाळांमधील ती पिवळी रेषा पाहिली ती २० ऑक्टोबर १८६८ रोजी, ग्रहणाशिवाय, इंग्लंडातूनच. पृथ्वीवर हेलियम सापडला तो १८९५ मध्ये रॅम्झेला. आणि विजयदुर्गावर लॉकियर आले ते १८९८ मध्ये. कट्टे खरे, साहेबही खरा. तीस वर्षांची गल्लत मात्र आमची. पुढच्या वर्गात मी फळ्यावर दोन्ही सने लिहिली आणि आधीच्या तुकड्यांतील जी मुले भेटतील त्यांना निरोप सांगा म्हटले. एका मुलाने मागच्या बाकावरून विचारले, "मग सर, पेपरात लिहिलं होतं त्याचे मार्क कापणार का?" असो.

आता पुन्हा गच्चीवर. जुनी तिपाई बाजूला ठेवून वर्गणीतून एक जर्मन पद्धतीची छोटी बैठक घेतली. ती घेताना दुकानदाराने जेवढे वजन पेलेल म्हणून सांगितले त्याच्या निम्मेच धरावे, हे अनुभवी मंडळींनी बजावले होते. पाहण्यापुरते पूर्ण वजन चालते, चित्रासाठी नाही. आमची दुर्बीण तरीही जड ठरली. म्हणून श्रीमती माँडर यांचे स्मरण करून दुर्बीण काढली आणि कॅमेऱ्यावर १३५ मिलिमीटरचे जुने भिंग लावून तेच बैठकीवर बसवले.

दिंडोशीचा अक्षांश १९ अंश १० कला. अक्ष तितका उचलायचा आणि उत्तरेला रोखायचा. उत्तर कोणती? ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून अर्ध्या अंशाहून थोडा अधिकच दूर आहे, तरी सुरुवातीला पुरतो. पण १९ अंश म्हणजे फार खाली. आमच्या गच्चीवरून त्या जागी शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी आहे. मग होकायंत्र काढले. मुंबईत होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही, ही आपली मोठी सोय. परंतु गच्चीच्या स्लॅबमधील सळ्यांमुळे सुई दर चार पावलांवर निराळे सांगू लागली. "सर, कुतुबनुमा पागल हो गया," असे एका मुलाने जाहीर केले. घरी तो होकायंत्राला कुतुबनुमा म्हणतो. कुतुब म्हणजे ध्रुव, हे त्याने मला सांगितले आणि मी ते वहीत टिपून ठेवले. कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकीय मोजमापे विजेच्या ट्रामच्या भीतीने विसाव्या शतकाच्या आरंभी अलिबागला हलवावी लागली होती, तेही त्यांना तेव्हा सांगितले. आमच्यापाशी अलिबाग नव्हते.

शेवटी जी पद्धत कामी आली तिला ध्रुवतारा लागत नाही. दक्षिणेला, मध्यान्हरेषेजवळ, खगोलीय विषुववृत्तालगतचा एक तारा चौकटीत धरावा आणि मोटार चालू करून पाच मिनिटे पाहत राहावे. तारा दक्षिणेकडे घसरू लागला तर अक्ष पूर्वेकडे झुकला आहे. उत्तरेकडे घसरला तर पश्चिमेकडे. तो सुधारला की पूर्वेच्या क्षितिजावर नुकताच वर आलेला तारा धरावा. तो दक्षिणेकडे गेला तर अक्ष खाली आहे, उत्तरेकडे गेला तर वर. प्रत्येक वेळी स्क्रू अर्ध्या आट्याहून जास्त फिरवू नये. या कामात आमच्या दोन संध्याकाळी गेल्या. तिसऱ्या संध्याकाळी मुलींपैकी एकीने पाहिले की वजन तोलताना पूर्वेची बाजू किंचित जड ठेवली की दातेरी चाके एकमेकांना टेकून राहतात व झटके बसत नाहीत. हे तिला कोणी शिकवले नव्हते.

मृगाचे चित्र आले. साठ सेकंदांची वीस चित्रे एकावर एक रचली. साठच्या पुढे गेलो की शहराच्या उजेडाने सारे आकाश चहासारखे होई, म्हणून तारे टिकत असूनही थांबावे लागे. तेजोमेघ नखाएवढा, थोडा गुलाबी आला आहे. तारे गोल आहेत. चित्र प्रयोगशाळेत, नायगमवालांच्या नावाच्या चिठ्ठीखाली लावले आहे. गच्चीवर तिपाईच्या तीन पायांच्या जागी तेलरंगाच्या खुणा केल्या होत्या, म्हणजे दर वेळी उत्तर शोधायला नको. मे महिन्यात गच्चीला गळतीविरोधी थर दिला गेला आणि खुणा गेल्या. नोव्हेंबरात पुन्हा दोन संध्याकाळी द्याव्या लागतील. नववीची नवी तुकडी आतापासूनच कोणत्या वारी हे विचारीत आहे.